जर्मनीत शिकताना या चुका टाळा: बहुतेक घोळ पत्रपेटीतून सुरू होतात

जर्मनीत पोहोचल्यावर पहिले पाच आठवडे मला एकही पत्र आलं नाही. मला वाटलं, सगळं सुरळीत चाललंय. प्रत्यक्षात पत्रं येत होती आणि पेटीवर माझं नाव नसल्यामुळे तशीच परत जात होती. त्यात टॅक्सचा नंबर होता, विम्याचं कार्ड होतं, बँकेचा पिन होता. तिथल्या बहुतेक इमारतींत फ्लॅटला क्रमांक नसतो. पत्त्यात रस्ता आणि इमारतीचा नंबर, पुढची सगळी ओळख पेटीवर आणि बेलवर लावलेल्या आडनावाची. चार जणांच्या घरात राहत असाल तर चारही आडनावं तिथे हवीत. पहिल्या दिवशी कागदाच्या चिठोऱ्यावर नाव लिहून चिकटपट्टीने लावलंत तरी चालतं. मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

निघण्याआधी सगळे थंडीची आणि भाषेची तयारी करतात. थंडीसाठी जॅकेट मिळतं, आणि विद्यापीठाच्या आवारात इंग्रजीवर बरंच भागतं. माझ्या ओळखीत ज्यांचं खरोखर नुकसान झालं त्यांचं ते कागदामुळे आणि तारखेमुळे झालं. तिथला प्रत्येक कागद दुसऱ्या एखाद्या कागदावर उभा असतो आणि खालचा सरकला की वरचे आपोआप डगमगतात.

ज्या घरात नोंदणी होत नाही, ते घर

सगळ्यात खालचा कागद पत्त्याचा. घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत शहराच्या कार्यालयात नोंदणी करावी लागते, तिला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाची सही असलेला एक फॉर्म लागतो. नाव भलंमोठं आहे, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, पण मजकूर एवढाच की हा माणूस अमुक तारखेपासून इथे राहतो. नोंदणी झाली की काही आठवड्यांनी टॅक्सचा अकरा आकडी नंबर पोस्टाने येतो. बँका बऱ्याचदा नोंदणीचा दाखला मागतात. राहण्याचा परवाना तर त्याशिवाय हलतच नाही.

आता चूक बघा. खोल्या मिळत नाहीत, सेमिस्टर तोंडावर आलंय, आणि एक स्वस्त खोली दिसते. जाहिरातीत खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की इथे नोंदणी करता येणार नाही. मुलं म्हणतात, दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. त्या दोन महिन्यांत वरचे सगळे कागद अडकतात. मग कोणीतरी सुचवतं, मित्राचा पत्ता दे. हे अजिबात करू नका. उशिरा नोंदणीचा दंड कायद्याने 1,000 युरोपर्यंत आहे, पण राहत नसलेल्या ठिकाणी पत्ता पुरवण्याचा दंड 50,000 युरोपर्यंत जाऊ शकतो, आणि तो पत्ता पुरवणाऱ्यावर येतो, म्हणजे तुमच्या मित्रावर.

मोठ्या शहरांत नोंदणीची वेळच दोन आठवड्यांत मिळत नाही, हेही खरं. अशा वेळी घाबरण्याचं कारण नाही. मिळेल ती पहिली वेळ घ्या, आरक्षणाचा ईमेल जपून ठेवा आणि रोज सकाळी कार्यालयाची साइट उघडून बघा. रद्द झालेल्या वेळा तेव्हा मोकळ्या होताना दिसतात.

घराच्या बाबतीतली दुसरी चूक जास्त महाग पडते. न पाहिलेल्या घराची अनामत आधीच पाठवणं. गोष्ट बहुतेक वेळा एकाच साच्याची असते: मालक परदेशात आहे, घर फोटोत फार सुंदर आहे, भाडं आजूबाजूच्यापेक्षा कमी आहे, आणि पैसे पोहोचले की किल्ली कुरिअरने येणार आहे. किल्ली येत नाही. ही गोष्ट आधी ऐकलेली असूनही मुलं फसतात, कारण तोपर्यंत पन्नास अर्जांना उत्तर आलेलं नसतं आणि हे पहिलंच गोड उत्तर असतं. स्वतः जाता येत नसेल तर त्या शहरातल्या कोणाला तरी घर बघायला पाठवा. अनामत कायद्याने तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा जास्त मागता येत नाही. काल्टमीटे म्हणजे हीटिंग आणि इतर खर्च सोडून असलेलं नुसतं भाडं. ती रक्कम तीन हप्त्यांत देण्याचा हक्कही भाडेकरूला आहे, पण तो तुम्हाला घरमालक स्वतःहून सांगेल अशी अपेक्षा ठेवू नका. विद्यार्थी वसतिगृहांसाठी प्रवेशाचं पत्र हातात पडल्या दिवशीच अर्ज टाका. व्हिसा आल्यावर बघू म्हणणारे प्रतीक्षा यादीच्या शेपटाला लागतात.

पैसे आहेत, पण हातात नाहीत

व्हिसासाठी श्पेरकोंटो, म्हणजे कुलूपबंद खातं उघडावं लागतं. सप्टेंबर 2024 पासून त्यात वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात आणि त्यातून दरमहा 992 सुटतात. मुलं हिशेब करतात की पैसे तर तिथे आहेतच. पण ते सुटायला तिथलं साधं चालू खातं लागतं आणि खात्यासाठी बहुतेकदा पत्ता लागतो. म्हणजे पुन्हा तोच खालचा कागद. नेमक्या पहिल्याच महिन्यात अनामत, भाडं, सेमिस्टरची वर्गणी आणि विमा एकदम येऊन पडतात. कुलूपबंद खात्यावर विसंबून पहिल्या सहा आठवड्यांचे वेगळे पैसे न नेणं ही चूक मी इतक्या जणांना करताना पाहिली आहे की आता कोणी विचारलं तर मी आधी तेच सांगते.

विम्याचा एकच निर्णय, तोही परत न फिरणारा

तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्याला सरकारी व्यवस्थेतला आरोग्य विमा विद्यार्थी दराने मिळतो, महिन्याला साधारण दीडशे युरोच्या आसपास. खाजगी विमा सुरुवातीला निम्म्या किमतीत दिसतो आणि मोह होतो. खाजगी विम्यासाठी सरकारी विम्यातून सूट घेतली, की ती संपूर्ण शिक्षणकाळात मागे घेता येत नाही. पुढे मोठं आजारपण आलं आणि खाजगी कंपनीने हात आखडता घेतला तरी विद्यार्थी असेपर्यंत परतीचा रस्ता बंद. प्रवासासाठी काढलेल्या विम्यावर तर विद्यापीठ प्रवेशच पक्का करत नाही.

हप्ते थकवू नका. थकबाकी झाली तर विमा संस्था विद्यापीठाला कळवते, आणि प्रकरण नाव कमी होण्यापर्यंत जाऊ शकतं. पैशांची तंगी असेल तर संस्थेला आधीच लिहा आणि हप्ते बांधून मागा. थकल्यावर मागण्यापेक्षा आधी मागणाऱ्याशी लोक वेगळं बोलतात.

परीक्षा: इथे मात्र जरा थांबून वाचा

वर्गात बसलात म्हणजे परीक्षेला बसलात असं नाही. परीक्षेसाठी पोर्टलवर स्वतंत्र नोंदणी करावी लागते, तिला मुदत असते, आणि ती मुदत अनेकदा परीक्षेच्या कितीतरी आठवडे आधी संपते. प्राध्यापकांना ईमेल करून काही होत नाही. ते सहानुभूतीने उत्तर देतात आणि परीक्षा कार्यालयाकडे बोट दाखवतात.

गुणांची उतरंड उलटी आहे. 1.0 सर्वांत चांगलं, 4.0 पर्यंत पास, 5.0 म्हणजे नापास. नोंदणी केली, नाव मागे घेतलं नाही आणि गेलाच नाहीत, तर 5.0. आजारी असाल तर डॉक्टरांचा दाखला लगेच द्यावा लागतो, आठवड्याने दिलेला चालेलच असं नाही.

आणि आता मुख्य गोष्ट. एका विषयाला बहुतेक ठिकाणी तीनच प्रयत्न असतात. नेमके किती, हे तुमच्या अभ्यासक्रमाच्या प्रुफुंग्सओर्डनुंगमध्ये, म्हणजे परीक्षा नियमावलीत, लिहिलेलं असतं. ती पहिल्या आठवड्यात वाचा. जर्मनमध्ये असेल तर भाषांतर करून वाचा, पण वाचा. सक्तीच्या विषयात शेवटचा प्रयत्नही गेला तर तो कायमचा नापास ठरतो. तोच अभ्यासक्रम मग जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठातही करता येत नाही. परवाना शिक्षणावर टिकलेला असतो, त्यामुळे तोही धोक्यात येतो.

आपल्याकडून येणारी मुलं इथे एक ठरावीक गफलत करतात. पहिल्या सेमिस्टरला सहा-सात विषय भरतात, आणि ‘बघू तर खरं पेपर कसा असतो’ म्हणून अर्धवट तयारीने परीक्षेला बसतात. त्यात नापास झालं तर एक प्रयत्न गेला. पास झालं तर कधीकधी त्याहून वाईट, कारण पास झालेली परीक्षा गुण वाढवण्यासाठी बहुतेक ठिकाणी पुन्हा देता येत नाही. ते 4.0 गुणपत्रकावर कायम राहतं. एका सेमिस्टरचा अपेक्षित भार 30 क्रेडिटचा असतो आणि एका क्रेडिटमागे 25 ते 30 तासांचं काम धरलेलं असतं. गुणाकार करून बघा, म्हणजे पहिल्या सेमिस्टरला चार विषय पुरे का म्हणते ते कळेल.

दोन प्रयत्न गेले असतील तर तिसऱ्याची नोंदणी करण्याआधी अभ्यासक्रमाच्या सल्लागाराला भेटा. काही ठिकाणी शेवटचा प्रयत्न तोंडी देता येतो, काही ठिकाणी विषय बदलता येतो. हे मार्ग नियमावलीत असतात, पण शेवटचा प्रयत्न वाया गेल्यावर त्यातला एकही उपयोगाचा राहत नाही.

पुढच्या सेमिस्टरसाठी वर्गणी भरून नाव चालू ठेवावं लागतं, त्याला र्‍युकमेल्डुंग म्हणतात. पैसे पाठवताना संदर्भाच्या रकान्यात विद्यापीठाने दिलेला क्रमांक जसाच्या तसा टाका. स्वतःचं नाव आणि ‘फी’ एवढंच लिहिलंत तर ते पैसे कोणाचे हे शोधण्यात मुदत निघून जाऊ शकते.

कामाचे दोन वेगळे हिशेब

मार्च 2024 पासून परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. अर्धा दिवस म्हणजे चार तासांपर्यंत. जुन्या लेखांत अजून 120 आणि 240 सापडतात. हा झाला परवान्याचा हिशेब. याशिवाय व्याख्यानांच्या काळात आठवड्याला 20 तासांचा एक नियम आहे, तो सामाजिक विम्याचा. त्याच्या वर गेलात तर विम्याच्या दृष्टीने तुम्ही विद्यार्थी राहत नाही. लोक या दोन्हींची खिचडी करतात आणि एक पाळला म्हणजे दुसरा पाळला असं समजतात. विद्यापीठातच सहायक म्हणून केलेलं काम मात्र त्या 140 दिवसांत धरलं जात नाही. म्हणून मिळत असेल तर ते आधी धरा, पगार थोडा कमी असला तरी.

फ्रीलान्स काम परवानगीशिवाय चालत नाही. बिलावर स्वतःचं नाव टाकून केलेलं कोणतंही काम यात येतं, भले ते घरी बसून मायदेशातल्या ग्राहकासाठी केलेलं असो.

टॅक्सचा नंबर नोकरीच्या ठिकाणी वेळेवर दिला नाही तर सर्वांत चढ्या वर्गात, म्हणजे सहाव्यात, कर कापला जाऊ शकतो. हे पैसे बुडत नाहीत. वर्षअखेरीस विवरणपत्र भरून परत मागता येतात, आणि ऐच्छिक विवरणपत्र चार वर्षं मागपर्यंत भरता येतं. शिकून परत गेलेल्या कितीतरी जणांचे पैसे असेच पडून असतील.

फेकू नयेत अशी पत्रं

नोंदणी झाली की रेडिओ-टीव्ही वर्गणीचं पत्र येतं, महिना 18.36 युरो. घरात टीव्ही नाही म्हणून अनेक जण ते फसवणूक समजून फेकतात. ती वर्गणी टीव्हीवर नाही, घरावर आहे. एका घरातून एकानेच भरायची आणि बाकीच्यांनी त्याचा वर्गणी क्रमांक कळवायचा. कळवलं नाही, तर मागच्या महिन्यांची थकबाकी चढत जाते.

टॉरेंटवरून सिनेमा उतरवलात तर वकिलाचं पत्र येऊ शकतं, आबमानुंग. काहीशे युरोंची मागणी, सोबत सहीसाठी एक हमीपत्र आणि थोड्या दिवसांची मुदत. दुर्लक्ष करू नका आणि घाबरून लगेच सहीही करू नका. बऱ्याच विद्यापीठांत विद्यार्थी संघटना मोफत कायदेशीर सल्ला देते, पत्र घेऊन तिथे जा.

पिवळा लिफाफा, म्हणजे अधिकृत बजावणीचं पत्र, आला तर त्यावर पोस्टमनने लिहिलेली तारीख बघा आणि लिफाफा फेकू नका. मुदत त्या तारखेपासून मोजतात, तुम्ही तो उघडलात त्या दिवसापासून नाही. दंडाच्या आदेशावर हरकत घ्यायला दोनच आठवडे असतात.

परवान्याची तारीख

व्हिसा संपण्याआधी परदेशी नागरिक कार्यालयात परवान्याचा अर्ज गेलाच पाहिजे. भेटीची वेळ मिळाली नाही तरी अर्ज मुदतीत पोहोचल्याचा पुरावा हवा. मुदतीत अर्ज गेला असेल तर निर्णय होईपर्यंत जुना हक्क चालू राहतो आणि तसा एक तात्पुरता कागद मिळतो, फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग. तो घेऊन सुट्टीला घरी जायचं असेल तर तिकीट काढण्याआधी त्यावर कोणत्या चौकटीत खूण आहे ते बघा. परदेशी नागरिकांच्या वास्तव्याच्या कायद्यातल्या कलम 81 च्या चौथ्या पोटकलमावर असेल तर परत येता येतं. तिसऱ्यावर असेल तर येता येत नाही, आणि हे विमानतळावर कळतं.

निघताना

देश सोडताना आबमेल्डुंग, म्हणजे नोंदणी रद्द करावी लागते. ती निघण्याच्या आधी एक आठवड्यापासून नंतर दोन आठवड्यांपर्यंत करता येते. विमा आणि रेडिओची वर्गणी त्याने आपोआप थांबत नाही, त्यांना तो दाखला जोडून वेगळं लिहावं लागतं. बँकेचं खातं मात्र लगेच बंद करू नका. हीटिंगचा वार्षिक हिशेब लागेपर्यंत घरमालक अनामतीतला काही भाग ठेवून घेऊ शकतो आणि तो हिशेब यायला वर्ष जाऊ शकतं. माझे शेवटचे पैसे मी निघाल्यानंतर अकराव्या महिन्यात आले, तेही मी नवा पत्ता लिहून कळवला होता म्हणून.