कपाटातल्या विंडोज फोनमधून आपले सामान सोडवून घेताना

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोन या प्रणालीवर चालणारा नोकियाचा लुमिया ५२० अनेक वर्षांनी चालू करायचा असेल, तर चार्जर शोधण्याआधी पाठीमागचे झाकण नखाने उचकटून बॅटरी बाहेर काढावी, सपाट टेबलावर ठेवावी आणि बोटाने हलकेच फिरवून पाहावी. ती भोवऱ्यासारखी गरगरली तर फुगलेली आहे असे समजावे, आणि मग तिला चार्ज करू नये, दाबू नये, टोचूही नये. आमच्या मामांच्या पिवळ्या लुमियाची बॅटरी चांगली तीन वेढे फिरली होती. सुदैवाने या मॉडेलला नोकियाची बीएल-५जे ही बॅटरी लागते आणि ५२३० किंवा ५८०० यांसारख्या नोकियाच्या जुन्या, सिम्बियन प्रणालीच्या फोनांनाही तीच लागत असे, त्यामुळे जुन्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात विचारताना ‘लुमियाची बॅटरी’ असे न म्हणता बॅटरीचाच क्रमांक सांगावा. लुमिया ९२० किंवा १०२० यांसारख्या बंदिस्त पाठीच्या फोनांत ही सोय नाही. त्यांची पाठ किंवा काच वर आलेली दिसली, तर बॅटरी कारागिराकडूनच बदलून घ्यावी आणि ‘फक्त बॅटरी बदला, रिसेट करू नका’ असे त्याला दोनदा बजावावे. माझ्या स्वतःच्या लुमियाच्या बाबतीत मी हे बजावायला विसरलो. दुकानदाराने फोन ‘फ्रेश करून’ दिला आणि दोन वर्षांचे मेसेज त्या फ्रेशपणात वाहून गेले.

हे मार्गदर्शन ज्यांच्या घरात असा फोन पडून आहे त्यांच्यासाठी आहे. त्यातले बरेच जण निव्वळ आळसामुळे नव्हे, तर प्रेमापोटी शेवटपर्यंत त्याच फोनवर थांबलेले होते. केवळ ५१२ एमबी रॅमवर इतका सुरळीत चालणारा आणि पहिल्या पडद्यावर हलत्या चौकटींतून मेल, हवामान, मिस्ड कॉल दाखवणारा दुसरा स्वस्त फोन २०१३ साली शोधून सापडला नसता. त्या निष्ठेची कदर मात्र फारशी झाली नाही. विंडोज फोन ७ घेतलेल्यांना, म्हणजे लुमिया ८०० आणि ९०० वाल्यांना, २०१२ मध्ये आलेली आठवी आवृत्ती मिळाली नाही. मार्च २०१६ मध्ये जुन्या फोनांसाठी विंडोज १० मोबाइल ही पुढची आवृत्ती आली, तेव्हा सर्वाधिक खपलेला लुमिया ५२० त्या यादीत नव्हता. मधल्या काळात, एप्रिल २०१४ मध्ये, नोकियाचा फोन-व्यवसाय मायक्रोसॉफ्टकडे गेला आणि जुलै २०१५ मध्ये त्याच व्यवहारापोटी ७.६ अब्ज डॉलर बुडीत खाती टाकले गेले. लोकप्रिय ॲप येत नव्हती म्हणून ग्राहक येत नव्हते आणि ग्राहक नव्हते म्हणून ॲप बनवणारे येत नव्हते, या फेऱ्यातून हा मंच बाहेर पडलाच नाही. नवी वैशिष्ट्ये आणि नवे हार्डवेअर यांवर आता भर नाही, हे मायक्रोसॉफ्टच्या जो बेलफिओरे यांनी ऑक्टोबर २०१७ मध्ये जाहीरपणे सांगितले, तेव्हा ते ऐकून चकित होण्याइतके लोकही फारसे उरले नव्हते.

सामान सोडवताना उपयोगी पडतो तो दारे बंद होण्याचा क्रम. विंडोज फोन ८.१ चे अपडेट ११ जुलै २०१७ रोजी थांबले, तिचे ॲप-दुकान १६ डिसेंबर २०१९ रोजी बंद झाले, व्हॉट्सॲप ३१ डिसेंबर २०१९ नंतर चालेनासे झाले आणि विंडोज १० मोबाइलचा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला. जे दुसऱ्याच्या सर्व्हरवर अवलंबून असते ते आधी जाते आणि जे फोनच्या पोटात असते ते सर्वांत शेवटी. त्यामुळे जिवापाड जपलेले फोटो आधी काढावेत असे वाटले, तरी सुरुवात खात्यापासून करावी, कारण फोटो थांबतील, खाते थांबेलच असे नाही.

म्हणून पहिले काम संगणकावर करायचे आहे. फोन घेताना उघडलेले मायक्रोसॉफ्ट खाते, जे बहुधा हॉटमेल, लाइव्ह किंवा आउटलुकच्या पत्त्यावर असते, ते आठवून त्यात लॉग-इन करावे; दोन वर्षांत एकदाही लॉग-इन न झालेले खाते कंपनी बंद करू शकते. पासवर्ड विसरला असेल तर तो परत मिळवण्याचा सांकेतिक क्रमांक जुन्याच मोबाइल नंबरावर जाईल, तेव्हा तो नंबर चालू असेपर्यंतच हे उरकावे. खाते उघडले की आउटलुकच्या वेबपानावर ‘पीपल’ विभागात जाऊन संपर्क ‘एक्सपोर्ट’ करावेत. त्याची सीएसव्ही, म्हणजे साध्या तक्त्याच्या रूपातली, फाइल मिळते आणि ती गुगल कॉन्टॅक्ट्समध्ये जशीच्या तशी ‘इम्पोर्ट’ करता येते. मध्ये हौसेने एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नये. देवनागरीत लिहिलेल्या नावांच्या जागी अगम्य खुणा उमटण्याचा संभव असतो, आणि मग ‘सुलभा आत्या’ कोणती आणि गॅसवाला कोणता हे नंबरांवरून ओळखत बसावे लागते. फोनमध्ये गुगल खातेही जोडलेले असेल तर काही नंबर तिकडे साठलेले असू शकतात, म्हणून दोन्हीकडे पाहावे.

एक अडचण हमखास येते. फोनचे सिंक, म्हणजे फोनमधल्या नोंदी खात्याशी जुळवून घेणे, वर्षानुवर्षे थांबलेले असेल, तर शेवटी शेवटी भरलेले नंबर खात्यात पोहोचलेलेच नसतात. फोन वायफायला जोडून सेटिंगमधील ‘ई-मेल व खाती’ येथे सिंक करून पाहावे. खात्याला द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खूण मागणारी सोय, लावलेली असेल तर हे जुने फोन नेहमीचा पासवर्ड नाकारतात. अशा वेळी खात्याच्या सुरक्षाविभागातून ‘ॲप पासवर्ड’ तयार करून तो फोनमध्ये भरावा. एवढे करूनही सिंक झाले नाही, तर वही-पेन घ्यावे. मामांच्या फोनमध्ये असे अडतीस नंबर निघाले; मी वाचून दाखवले, त्यांनी लिहून घेतले, आणि त्यांतल्या सहा जणांच्या नावापुढे त्यांनी काही न बोलता फुली मारली.

फोटोंचे काम त्या मानाने सोपे आहे. विंडोजच्या संगणकाला यूएसबी केबलने फोन जोडावा आणि फोनचा पडदा पिन टाकून उघडा ठेवावा. पडदा कुलूपबंद असेल तर संगणकावर फोन रिकामा दिसतो आणि सगळे फोटो गेले म्हणून माणूस घाबरतो. आतील ‘पिक्चर्स’ फोल्डर संपूर्ण कॉपी करावे, एकेक फोटो निवडत बसू नये. मेमरी कार्ड असल्यास ते कार्ड रीडरमध्ये घालून स्वतंत्रपणे कॉपी करावे. कॉपी करताना फाइलींच्या तारखा बदलल्या तरी चिंता नको, कारण या फोनांनी काढलेल्या फोटोचे नाव ‘डब्ल्यूपी’ या अक्षरांनी सुरू होते आणि त्यापुढे वर्ष, महिना, दिवस असे आठ आकडे असतात. नावानुसार क्रम लावला की वर्षे आपोआप रांगेत उभी राहतात. लुमिया १०२० च्या मालकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्या ४१ मेगापिक्सेल कॅमेऱ्याने प्रत्येक क्षणाच्या दोन प्रती ठेवलेल्या असू शकतात. वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीत, आपोआप चढलेली असते ती लहान प्रत, तर ‘हायरेस’ अशी शेपटी असलेली मोठी प्रत फोनमध्येच पडून राहते. वनड्राइव्हवर फोटो आहेत म्हणून निर्धास्त होऊन फोन विकून टाकणाऱ्यांनी नेमक्या याच प्रती गमावल्या.

वनड्राइव्हवर जे आहे तेही उतरवून घ्यावे. तेथे वननोट या टिपणांच्या ॲपमधल्या वह्याही असतात, आणि किराणा, औषधांच्या वेळा, दूधवाल्याचे खाडे असे बरेच काही अनेकांनी त्या वह्यांत लिहून ठेवलेले असते.

साध्या मेसेजांबाबत खोटी आशा दाखवण्यात अर्थ नाही. विंडोज फोन मेसेजांची प्रत खात्यावर ठेवत असे खरी, पण ती दुसऱ्या विंडोज फोनवरच उतरवता येई. मायक्रोसॉफ्टचे ‘कॉन्टॅक्ट्स प्लस मेसेज बॅकअप’ हे ॲप तुमच्या फोनमध्ये आधीपासून असेल तर मेसेज मेमरी कार्डावर फाइलच्या रूपात काढता येतात. नसेल, तर महत्त्वाच्या संभाषणांचे पडद्यावरून फोटो काढणे हाच व्यवहार्य मार्ग आहे: आठव्या आवृत्तीत पॉवर आणि विंडोजचे बटण एकत्र दाबावे, ८.१ मध्ये पॉवर आणि आवाज वाढवण्याचे बटण. हे फोटो ‘स्क्रीनशॉट्स’ फोल्डरात जातात, म्हणून हे काम ‘पिक्चर्स’ कॉपी करण्याआधी उरकले तर दुसऱ्यांदा केबल लावावी लागत नाही.

व्हॉट्सॲपचे दुखणे याहून मोठे आहे. विंडोज फोनवरील गप्पा अँड्रॉइडवर नेण्याचा अधिकृत मार्ग कधीच नव्हता. ॲप चालू होते तोवर एकेक संभाषण ई-मेलने स्वतःला पाठवून घेता येत असे, एवढेच. ज्यांनी ते तेव्हा केले त्यांनी आपल्या मेलमध्ये ‘व्हॉट्सॲप’ असे शोधून पाहावे. आपण कधी पाठवले हे आपल्यालाच आठवत नसते. आलेले आणि जतन झालेले फोटो मात्र बहुधा ‘पिक्चर्स’मध्ये सापडतात. ध्वनिसंदेश ॲपच्या बंद कप्प्यात असत, जेथे केबल पोहोचत नाही. मामींचा आवाज असलेले चार संदेश मामांच्या फोनमध्ये होते, आणि ते डिसेंबर २०१९ पूर्वी दुसरा फोन शेजारी धरून रेकॉर्ड करून घ्यायला हवे होते हे आम्हाला २०२१ मध्ये सुचले.

सिमकार्ड सर्वांत शेवटी हलवावे. लुमिया ५२० मध्ये मायक्रो सिम असते आणि आजच्या फोनांत नॅनो लागते, म्हणजे कंपनीच्या दुकानातून सिम बदलून घ्यावे लागते. सिम बदलल्यावर पहिले २४ तास मेसेजची सेवा बंद ठेवली जाते, त्यामुळे त्या काळात बँकेचा ओटीपी येणार नाही. मुदत ठेव मोडणे, विजेचे बिल भरणे, रेल्वेचे तिकीट काढणे ही कामे त्या दिवशी ठेवू नयेत. मायक्रोसॉफ्ट खात्यातील सुरक्षेचा मोबाइल नंबर आणि पर्यायी ई-मेल हेही सिम काढण्यापूर्वी तपासून घ्यावेत.

आता फोनचे काय करायचे ते ठरवावे. कोणाला द्यायचा किंवा मोडीत काढायचा असेल तर सेटिंगमधील ‘अबाउट’ येथून रिसेट करावा. तत्पूर्वी मेमरी कार्ड काढून घ्यावे. घरीच ठेवायचा असेल तर मात्र रिसेट मुळीच करू नये, कारण ॲप-दुकान बंद असल्याने एकदा पुसलेले ॲप परत येत नाही आणि नव्याने सुरू होताना फोन ज्या सेवा शोधतो त्यांतल्या काही आता जागेवर नाहीत. मोडीत काढताना तो ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्रात द्यावा, आणि फुगलेली बॅटरी वेगळी करून तसे सांगून द्यावी.

ठेवायचा असल्यास बॅटरी निम्मी चार्ज करून, फोनमधून काढून, कोरड्या जागी ठेवावी, दर सहा महिन्यांनी तपासावी, आणि पिन कागदावर लिहून फोनपासून दूर ठेवावा. मामांनी पिन लिहिला खरा, पण ती चिठ्ठी त्यांनी पिवळ्या झाकणाच्या आतच चिकटवली आहे. आता यात चोरण्यासारखे राहिलेच काय, असे त्यांचे म्हणणे आहे.