जेवताना खेळ कसा खेळावा: खाण्याची कटकट करणाऱ्या मुलांसाठी

‘विमान आलं, आऽ कर’ हा खेळ मोठ्यांच्या सोयीचा. मूल हसून तोंड उघडतं आणि आपण चमचा आत सरकवतो. चार दिवस जमतं, मग चमचा दिसताच ते मान फिरवू लागतं. मोबाईल दाखवून भरवण्याचंही तसंच: घास पोटात जातो, पण काय खाल्लं, पोट भरलं का, याकडे मुलाचं लक्षच नसतं. जेवणातला खेळ हवा तो अनोळखी पदार्थाशी ओळख व्हावी म्हणून. त्यात खायचं की नाही हे मुलानेच ठरवायचं.

साधारण २ ते ६ वर्षांच्या वयात नवे पदार्थ नाकारणं अगदी नेहमीचं आहे. शिवाय पहिल्या वर्षात वजन जन्माच्या तिप्पट करणारं बाळ दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलोंनी वाढतं. वाढ मंदावली की भूकही कमी होते. त्यामुळे ‘आधी किती छान खायचा’ ही तुलना मनातून काढून टाका.

सुरुवात भुकेपासून करा. दोन खाण्यांमध्ये २ ते ३ तासांचं अंतर ठेवा, मधे फक्त पाणी द्या. वर्षापुढच्या मुलाला दिवसभरात अर्ध्या लिटरहून जास्त दूध मिळत असेल, तर जेवणाला पोटात जागा उरत नाही. कितीही मजेदार खेळ असला तरी भरल्या पोटी त्याचा उपयोग नाही.

आता ताट वाढा. एक-दोन आवडीचे पदार्थ आणि त्यांच्या शेजारी नव्या पदार्थाचा अगदी मटाराएवढा तुकडा. ढीग पाहूनच मुलं घाबरतात. हवं तर पुन्हा मागता येतं.

खेळ बघण्यापासून सुरू होतो, मग हात लावणं, वास घेणं, जिभेने चाटणं, आणि अगदी शेवटी चावणं. एका जेवणात एकच पायरी पुरे. ताटात हिरवं काय काय आहे ते शोधायला सांगा. डोळे मिटून वासावरून पदार्थ ओळखायला लावा. फुलकोबीचे उकडलेले तुरे म्हणजे जंगल आणि मूल म्हणजे झाडं खाणारा डायनासोर, हा खेळ बहुतेक मुलांना भावतो. बाहुलीला भरवणं तर फारच उपयोगी, कारण तिथे मूल भरवणारं होतं. ‘आवडलं का?’ विचारू नका, त्याचं उत्तर ‘नाही’ येणं सोपं असतं. ‘मऊ आहे की कुरकुरीत? गार की कोमट?’ असं विचारा. तोंडात घेऊन थुंकलं तरी रागावू नका, त्यासाठी शेजारी एक वाटी ठेवा. सांडलवंड होणारच, खाली जुनं कापड अंथरा.

खेळ बसूनच खेळायचा. तोंडात घास असताना पळवायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. द्राक्षं उभी चिरून चार फोडी करा, गाजर मऊ शिजवा, ५ वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे किंवा सुकामेवा देऊ नका. घास घशात अडकण्याचा धोका खरा असतो.

तुम्हीही सोबत बसून तेच खा. मूल आपलं तोंड बघत असतं.

‘भाजी संपव, मग गोड देतो’ हे मात्र टाळा. त्यातून भाजी ही शिक्षा आणि गोड हे बक्षीस, एवढंच मूल शिकतं. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांची वाटणी मला सर्वांत पटते: काय, केव्हा आणि कुठे हे पालकांनी ठरवायचं; खायचं का आणि किती, हे मुलाने. वीस मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात ताट शांतपणे उचला. पाठोपाठ बिस्किटं पुढे करू नका, पुढच्या ठरलेल्या वेळेपर्यंत थांबा.

एखादा पदार्थ स्वीकारायला ८ ते १५ वेळा समोर यावा लागतो, कधी त्याहूनही जास्त. बहुतेक घरांत तिसऱ्या-चौथ्या नकाराला ‘याला आवडतच नाही’ असा निकाल लागतो. तो लावू नका. काही दिवस जाऊ द्या आणि तोच पदार्थ वेगळ्या आकारात, वेगळ्या खेळात परत आणा.

मात्र वजन वाढत नसेल किंवा घटत असेल, गिळताना वारंवार ठसका लागत असेल, उलट्या होत असतील, किंवा खाण्यातले पदार्थ एकेक करून कमी होत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले असतील, तर खेळांवर वेळ न घालवता बालरोगतज्ज्ञांना दाखवा.