उड्डाणपुलाने वस्तीचं काय केलं, हे फोटोंतून कसं दाखवावं

उड्डाणपुलाचा देखणा फोटो काढायला फारसं काही लागत नाही. संध्याकाळी ट्रायपॉड लावायचा, शटर वीस सेकंद उघडं ठेवायचं, गाड्यांच्या दिव्यांच्या लाल-पिवळ्या रेषा आपोआप उमटतात. असे फोटो ढिगाने पडलेत आणि ते बघून पुलाखाली राहणाऱ्याबद्दल काडीचंही कळत नाही. रस्ता, रेल्वेमार्ग, धरण, जलवाहिनी, विजेचे मनोरे ही बांधकामं आसपासच्या माणसांचं चालणं, भेटणं, झोपणं, कमावणं बदलून टाकतात. तो बदल फोटोमालिकेत कसा पकडायचा, ते इथे सांगते. कॅमेरा चालवता येतो, हे धरूनच चालले आहे.

विषय लहान करा

‘शहरीकरण’, ‘विकासाची किंमत’ असले विषय घेऊन घराबाहेर पडू नका. एक पूल, एक फाटक, एक कालवा घ्या. त्याचाही एवढाच तुकडा, की दोन्ही बाजूंनी सावकाश चालून तासा-दोन तासांत पुन्हा सुरुवातीच्या जागी येता येईल. मग कागदावर एक साधा प्रश्न लिहा. हा रस्ता झाल्यापासून पलीकडच्या शाळेत मुलं कुठून जातात? मोठी जलवाहिनी दारावरून जाते, तर या घरांत पाणी कसं येतं? प्रश्न असा नेमका असला की कुठे उभं राहायचं ते निम्मं तिथेच ठरतं.

लेन्स ३५ किंवा ५० मिलिमीटरची, एकच पुरे. रेल्वे, धरण, वीजकेंद्र, विमानतळ इथे फोटोंवर बहुधा निर्बंध असतात. नियम आधी विचारा आणि परवानगी लेखी घ्या.

जुना नकाशा आणि जुना फोटो मिळवा

ही पायरी लोक टाळतात. आधी काय होतं ते माहीत नसेल, तर समोर दिसणारी भिंत नुसती भिंतच वाटते. जुन्या नकाशावर एखादी गल्ली सरळ बाजारापर्यंत जात असते आणि आज तीच गल्ली त्या भिंतीला येऊन थांबते, हे कळलं की त्या भिंतीचा फोटो काढायला कारण मिळतं. नकाशावर तुटलेली प्रत्येक वाट पेन्सिलीने खुणावून ठेवा. फोटो कुठे काढायचे याची यादी हीच.

जुने फोटो शोधताना नगरपालिकेचं आणि बांधकाम खात्याचं दप्तर विसरू नका. पाडापाडीपूर्वी फोटो काढून ठेवायची पद्धत फार जुनी आहे. पॅरिसची एकोणिसाव्या शतकात फेररचना करणाऱ्या हाउसमान या अधिकाऱ्याच्या रुंद रस्त्यांसाठी ज्या गल्ल्या जाणार होत्या, त्या शार्ल मार्व्हिल या छायाचित्रकाराने शहराच्या वतीने टिपल्या. ग्लासगोमध्ये थॉमस ॲननने १८६८ ते १८७१ या काळात शहर सुधारणा ट्रस्टसाठी दाटीवाटीच्या गल्ल्यांचे फोटो काढले. त्या फोटोंत गल्लीच्या तोंडाशी माणसं उभी दिसतात, काही हलल्यामुळे पुसट झालेली. तेवढ्यामुळेच गल्ली किती अरुंद होती याचा अंदाज येतो. फोटोतल्या माणसाचा असा उपयोग लक्षात ठेवा, पुढे लागेल.

यानंतर एकदा कॅमेरा घरी ठेवून सगळा तुकडा पायी फिरून या.

बांधकाम आणि माणूस एका चौकटीत आणणं

खरी अवघड पायरी ही. मला हिने फार काळ झुलवलं आणि बहुतेकांच्या मालिका इथेच कोसळताना दिसतात. होतं असं, की फोटोंचे दोन गठ्ठे तयार होतात. एकात काँक्रीट, दुसऱ्यात चेहरे. खांबाचा फोटो उत्तम, म्हातारीचा फोटोही उत्तम, पण त्या खांबाने त्या म्हातारीचं काय केलं ते दोन्हींत कुठेच नसतं. शेजारी शेजारी लावले तरी संबंध बघणाऱ्यालाच कल्पनेने जोडावा लागतो.

निर्मनुष्य काँक्रीटचे फोटो काढणारे बर्न्ड आणि हिला बेखर यांचं नाव पुढे करतात. या जर्मन दांपत्याने १९५९ पासून पाण्याच्या टाक्या, लोखंड गाळायच्या झोतभट्ट्या, खाणीवरचे मनोरे यांचे फोटो ढगाळ उजेडात, समोरून, माणसांशिवाय काढले. ते बरोबरच होतं, कारण त्यांना त्या बांधकामांच्या आकारांची एकमेकांशी तुलना करायची होती. आपला प्रश्न माणसांचा आहे. त्यांची शिस्त जरूर घ्या, रिकामी चौकट घेऊ नका.

मग बघायचं कशाकडे? माझं उत्तर पक्कं आहे: लोकांनी काढलेल्या तोडग्याकडे. बांधकामाने अडचण केली की माणसं काहीतरी उपाय करतात, आणि त्या उपायावर बांधकामाचा आणि माणसाचा असा दोघांचा ठसा असतो. एका रुळालगतच्या जाळीच्या कुंपणाला भगदाड होतं. तारेची कापलेली टोकं नीट आत वळवलेली, त्यांवर सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळून सुतळीने बांधलेले, म्हणजे कपडा अडकू नये आणि पोराला ओरखडा लागू नये. खालची माती पायांनी घासून गुळगुळीत झालेली. त्या एका ट्यूबच्या तुकड्यात किती लोक, किती वर्षं, किती काळजी, सगळं होतं. कुंपण आणि त्यामागच्या खांबाला लावलेला धोक्याचा फलक, दोन्ही चौकटीत घेतले की मथळ्याची गरज उरत नाही.

असे तोडगे शोधायची सवय लावून घ्या. दुभाजकाला टेकवलेल्या दोन विटांची पायरी. पादचारी पूल टाळून गवतातून पडलेली पायवाट. रस्त्यावर डांबराचे थर चढत चढत उंबऱ्याच्या वर गेले, म्हणून पावसाचं पाणी अडवायला दारात बांधलेला वीतभर कट्टा. हा कट्टा बाजूने, उंबऱ्याच्या उंचीवर कॅमेरा धरून काढा. उभ्याने वरून काढलात तर रस्ता आणि घर यांच्यातला फरक सपाट होतो आणि फोटो वाया जातो.

तोडगा सापडला की तिथे थांबायचं. शाळा सुटण्याची वेळ, कारखान्यातली पाळी बदलण्याची वेळ, शेवटच्या गाडीची वेळ, या वेळा आधी विचारून ठेवा. दुपारी तीनला ओस पडलेल्या त्याच वाटेवर पाचला रांग लागते. माणूस ती वाट वापरत असतानाच फोटो घ्या. ‘इथे जरा उभे राहता का’ म्हणून काढलेला फोटो ओळखू येतो, आणि मालिकेतला असा एक फोटोसुद्धा बाकीच्यांवरचा विश्वास घालवतो.

लेन्सबद्दल फार चुकीचा सल्ला दिला जातो. ‘पूल मोठा आहे, वाइड लावा’ म्हणतात. वाइड लावून पुढे घुसलं की खांब राक्षसासारखा दिसतो आणि मागचं घर पार बारीक होतं. लांबून टेलिफोटोने काढलं की पूल आणि घरं एकमेकांवर चढल्यासारखी दिसतात, प्रत्यक्षात मध्ये मोकळी जागा असली तरी. दोन्ही फोटो खोटं बोलतात, आणि कोणी जागेवर जाऊन पाहिलं तर तुमची अख्खी मालिका संशयात येते. वस्तूंचे एकमेकींशी दिसणारे आकार तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतात. म्हणून मी आधी माणसाची जागा शोधते: त्याची खिडकी, त्याचा बाक, त्याची रोज वाट बघायची जागा. तिथून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून जे दिसतं ते खरं. ड्रोनचा फोटो रस्त्याची रेघ कुठून गेली ते दाखवायला एक पुरतो. तेवढ्या उंचीवरून कोणी राहत नाही.

माणूस चौकटीच्या निदान चौथाई उंचीचा असू द्या. पुलाखाली मुंगीएवढी माणसं दाखवणारे फोटो पुलाचीच थोरवी गातात.

उजेडाचंही तसंच. उंच बांधकामाचा सगळ्यांत रोजचा परिणाम म्हणजे सावली, आणि तीच फोटोत येत नाही, कारण सगळे संध्याकाळचा सोनेरी उजेड शोधत असतात. सावली कोणत्या खिडक्यांवर किती वाजता चढते ते टिपून ठेवा. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, दुपारची सावली सगळ्यांत लांब पडते, तेव्हा या. पुलाखाली काढताना उजेड सावलीतल्या माणसाप्रमाणे मोजा, मागचं आकाश पांढरं पडलं तर पडू द्या. आवाज आणि हादरे दिसत नाहीत, त्यांच्या खुणा दिसतात: भर उन्हाळ्यात बंद खिडक्या, झाडाच्या रस्त्याकडच्याच पानांवर धुळीचा थर, बोलताना एकमेकांच्या कानाशी वाकलेली दोन माणसं.

आणखी एक गोष्ट मी अगदी ठासून सांगते. नुसतं दुःख शोधत फिरू नका. पुलाने नदीपलीकडचा दवाखाना जवळ आणला असेल, पुलाखालच्या सावलीत मुलांचा खेळ जमत असेल, कोणाचा बसथांब्याशेजारी धंदा उभा राहिला असेल, तर ते मालिकेत यायलाच हवं. एकाच रस्त्याने एका घराचं भलं आणि शेजारच्याचं नुकसान झालेलं असतं. दोन्ही दाखवले नाहीत तर तुम्ही आधीच ठरवलेलं चित्र फक्त रंगवत आहात. फोटो कृष्णधवल करून उदासी वाढवणं तर मुळीच नको. कुंपणाचा नवाकोरा रंग आणि घराचा विटलेला रंग हा फरक रंगातच कळतो.

माणसांशी कसं वागायचं

आधी बोला, मग कॅमेरा काढा. ही ओळ सगळेच सांगतात. जे सांगत नाहीत ते हे: तोडग्याचा फोटो तो तोडगा बंद पाडू शकतो. कुंपणाचं भगदाड छापून आलं की कोणीतरी साहेब ते बुजवायला माणसं पाठवतो, आणि दुसऱ्या दिवसापासून बायाबापड्यांना लांबून फेरा पडतो. ज्यांचं घर किंवा दुकान कागदावर नाही, त्यांच्या बाबतीत धोका याहून मोठा. अशा फोटोंत नेमकी जागा ओळखू येईल अशी पाटी, खांबाचा क्रमांक, दुकानाचं नाव चौकटीबाहेर ठेवा आणि फाइलमधली जीपीएसची नोंद पुसून टाका. ‘याने तुमचं काही अडेल का?’ हे त्यांनाच विचारा. ‘हो’ म्हणाले तर फोटो कितीही चांगला असो, बाहेर काढायचा नाही.

त्याच जागी पुन्हा जा

बांधकामाचा परिणाम हळूहळू मुरतो, म्हणून एका फेरीत काम होत नाही. कॅमिलो होसे व्हेर्गारा हे छायाचित्रकार १९७० च्या दशकापासून अमेरिकेतल्या गरीब वस्त्यांतल्या त्याच त्याच जागांवर परत जात राहिले. एका कोपऱ्याचे वर्षांनुवर्षांचे फोटो ओळीने बघितले की कोणी न सांगताही इतिहास कळतो. बांधलेलं कायम राहतं असंही नाही. दक्षिण कोरियाच्या सोल शहरातला छंग्येछन ओढ्यावरचा उन्नत महामार्ग २००३ मध्ये पाडायला घेतला आणि २००५ मध्ये तिथे ओढा खुला झाला. जुन्या महामार्गाचे मोजके खांब आठवण म्हणून राखले आहेत.

जुन्या फोटोची नेमकी जागा अंदाजाने सापडत नाही. जुन्या फोटोत जवळच्या खांबाची कड मागच्या इमारतीच्या कोणत्या खिडकीला टेकते ते बघा. डावीउजवीकडे सरकत ती कड त्याच खिडकीला टेकवा. मग दुसरी अशीच जोडी घ्या आणि ती जुळेपर्यंत पुढेमागे सरका. दोन्ही जोड्या एकदम जुळल्या की जागा सापडली. उंची याच रीतीने, वर-खाली होत. लेन्सचा विचार सगळ्यांत शेवटी, कारण तिने फक्त चौकट लहान-मोठी होते, मांडणी तीच राहते. सावल्याही जुळवायच्या असतील तर महिना आणि वेळ तीच गाठा.

निवड आणि मथळे

प्रिंट टेबलावर मांडा. फोटोतलं बांधकाम अंगठ्याने झाका. तरीही फोटोचा अर्थ तोच राहिला तर तो बाजूला ठेवा. मग माणूस किंवा त्याची खूण झाका आणि पुन्हा तेच बघा. दोन्ही वेळा अर्थ बदलतो तेवढेच फोटो मालिकेत. सुरुवातीला जेमतेम मूठभर उरतील. मग काय दाखवायचं राहून गेलं ते लिहून काढा आणि परत जा.

मथळ्यात तारीख, कॅमेऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला होतं ते, आणि बांधकामाआधी तिथे काय होतं ते लिहा. जागेचं नाव कोणाला अडचणीचं नसेल तिथेच द्या. ‘जगण्याची धडपड’ छापाची विशेषणं गाळा. ‘जाळीपलीकडे शाळा, पादचारी पुलावरून गेलं तर अर्धा तास जास्त लागतो’ एवढं पुरतं, फक्त तो अर्धा तास तुम्ही स्वतः चालून मोजलेला असू द्या. सगळं छापायच्या आधी मालिका त्या वस्तीतल्या लोकांपुढे मांडा. ते मथळ्यांतल्या चुका काढतात, कोणता फोटो वगळायचा ते सांगतात, आणि पुष्कळदा घरातून असा जुना फोटो आणून देतात जो कुठल्याही दप्तरात मिळाला नसता.