वॉर्डात काम करत करत रजिस्टर्ड नर्स व्हायचं असेल तर

खानापूर-निपाणीकडच्या बऱ्याच मुली मला विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी बेळगावात एका नर्सिंग होममध्ये ७ वर्षं वॉर्ड असिस्टंट होते. पेशंट सिस्टर म्हणायचे, गावात तर नर्सबाईच, आणि बीपी बघण्यापासून ड्रेसिंगपर्यंत सगळं हाताला सवयीचं झालेलं, पण कागदावर बघायला गेलं तर मी कोणीच नव्हते की. शेवटी २७ व्या वर्षी जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) बसले.

पहिलं हे डोक्यात घट्ट बसवा, अनुभव कितीही वर्षांचा असू दे त्याच्यावर रजिस्ट्रेशन मिळत नाही. एक वर्षाचं नर्सिंग असिस्टंटचं सर्टिफिकेट असतंय, सहा महिन्याचं पेशंट केअरचं असतंय, त्यानं नोकरी लागेल पण राज्याच्या नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्टरात नाव लागणार नाही. आणि जीएनएम काय, बेसिक बीएस्सी नर्सिंग काय, घरी बसून पोस्टानं होत नाही. मला एका ठिकाणी सरळ सांगितलं होतं, "क्लासला नाही आलात तरी चालतंय, फी भरा आणि परीक्षेला तेवढं या." मी चहा पिऊन उठून आले. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते आणि प्रॅक्टिकलचे तास तर शेवटी शंभर टक्के पूर्ण करावेच लागतात, मग हे लोक ते कुठून भरून देणार तुम्हीच बघा.

आता रस्ते. बारावीला म्हणजे सेकंड पीयूसीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्लिश असेल, ४५ टक्के असतील, तर बीएस्सी नर्सिंग ४ वर्षं, कर्नाटकात २०२३ पासून त्याचं ॲडमिशन केसीईटीतून, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेतून चालतंय. आर्ट्स किंवा कॉमर्स असेल तर जीएनएम ३ वर्षं, बारावीला ४० टक्के आणि इंग्लिश पास पाहिजे, वयाची मर्यादा ३५. एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) झालेल्यांना जीएनएमसाठी वयाची अट नाही, हे पुष्कळ जणींना माहीतच नसतंय आणि उगीच "आता वय गेलं" म्हणून बसतात. दहावीवरच शिक्षण थांबलंय त्यांनी आधी बारावी पुरी करायची, दुसरा रस्ता नाही. जीएनएम झाल्यावर पुढं २ वर्षांचं पोस्ट बेसिक करून बीएस्सी होता येतं. मी तर म्हणते नोकरी करणाऱ्या बाईला जीएनएम करून आधी पगार वाढवायचा आणि मग पोस्ट बेसिक, हे जास्त परवडतं, पण सायन्स झालेल्या १८ वर्षांच्या पोरीनं मात्र सरळ बीएस्सीच करावं.

कॉलेज बघताना बिल्डिंग बघू नका. कर्नाटक स्टेट नर्सिंग कौन्सिलच्या यादीत नाव आहे का, बीएस्सी असेल तर राजीव गांधी हेल्थ सायन्सेस युनिव्हर्सिटीशी किंवा दुसऱ्या मान्यताप्राप्त युनिव्हर्सिटीशी जोडलेलं आहे का, आणि इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या यादीत आहे का, हे तिन्ही स्वतः वेबसाईटवर बघा, एजंटच्या मोबाईलवर नको. आपली निम्मी माणसं पुढं कोल्हापूर, मिरज, गोव्याला जातात, तेव्हा ही शेवटची यादी लई कामाला येते. ओरिजिनल मार्क्स कार्ड पडताळणीला दाखवायचं आणि परत घ्यायचं, ठेवूनच घेतो म्हणाले तर पावती घ्या.

नोकरीचं काय? खरं सांगू, पूर्ण नोकरी जमत नाही. सकाळी क्लिनिकल पोस्टिंग म्हणजे हॉस्पिटलात प्रत्यक्ष काम, दुपारी क्लास, दिवस तिथंच जातो. मी नर्सिंग होमच्या मॅडमना सांगून शनिवार रात्र आणि रविवार एवढीच ड्युटी ठेवली, पगार तिसऱ्या हिश्श्यावर आला. पहिल्या वर्षी आठवड्यात दोन नाईट करून बघितल्या, तिसऱ्या आठवड्यात वॉर्डात उभ्या उभ्या डुलकी लागली आणि हातातला ट्रे खाली. पोस्टिंगच्या आदल्या रात्री नाईट घेऊ नकाच. आधी निदान एका वर्षाच्या फीचे पैसे बाजूला काढून ठेवा. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून (आपल्या भागातल्या महसूल ऑफिसातून) काढून राज्याच्या स्कॉलरशिप पोर्टलवर अर्ज टाका, वडिलांचं बांधकाम कामगाराचं लेबर कार्ड असेल तर बांधकाम कामगारांच्या कल्याण बोर्डाचीही मदत असते. बसचा खर्च शक्ती योजनेमुळं (कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट) वाचतो, खानापूर-बेळगाव झिरो तिकीट, आधार तेवढं जवळ ठेवा.

अभ्यासात वॉर्डाचा अनुभव कामाला येतो आणि नडतोही. सलाईनचे थेंब मी इतकी वर्षं नजरेनं लावत होते. क्लासमध्ये मॅडमनी विचारलं, ५०० एमएल ८ तासात द्यायचं, एक एमएलला २० थेंबांचा सेट, मिनिटाला किती? मी म्हटलं, "तीसभर लावायचे." हिशोब केला तर ५०० गुणिले २० म्हणजे १०,०००, भागिले ४८० मिनिटं, म्हणजे २१ च्या आसपास. माझ्या हातानं ती बाटली साडेपाच तासात संपली असती, आणि पेशंट हार्टचा म्हातारा असता तर? त्या दिवशी घरी जाऊन मी नीट जेवले नाही बघा. म्हणून जुनी सवय बाजूला ठेवून प्रत्येक प्रोसिजर पहिल्यापासून शिका, लाज वाटू देऊ नका.

मराठी मीडियमवाल्यांची खरी अडचण इंग्लिशची, कारण पुस्तकं आणि पेपर सगळं इंग्लिशच. मी वहीत डावीकडं शब्द, उजवीकडं वॉर्डात आपण काय म्हणतो ते लिहायचे: इडिमा म्हणजे अंगावरची सूज, डिस्प्निया म्हणजे धाप, टॅकिकार्डिया म्हणजे ठोके जोरात पळणं. पेशंट डोळ्यासमोर आला की शब्द विसरत नाही. आणि कन्नड शिका की, सीमेचा वाद आपल्या जागी, पण बैलहोंगलची आजी पोटात दुखतंय ते कन्नडमध्येच सांगणार, आणि कर्नाटकात सरकारी भरतीलाही कन्नड लागतं.

पास झाल्यावर मार्कशीट हातात आली म्हणजे झालं असं नाही. बेंगळुरूच्या स्टेट कौन्सिलकडं रजिस्ट्रेशन करायचं, तेव्हा रजिस्टर्ड नर्स आणि रजिस्टर्ड मिडवाइफ असं नावापुढं लागतंय. महाराष्ट्रात काम करायचं तर इथल्या कौन्सिलचा ना-हरकत दाखला घेऊन महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडं परत नोंद करावी लागते. इथं आपल्याकडच्या मुली हमखास अडकतात ते नावात. एसएसएलसी म्हणजे दहावीच्या कार्डावर नुसतं नाव आणि पुढं इनिशियल, आधारवर वडिलांचं नाव आणि आडनाव, आणि लग्न झालं असेल तर तिसरंच काहीतरी. माझा अर्ज ह्यापायी दोन महिने लोळत पडला, ॲफिडेव्हिट करून द्यावं लागलं. तुम्ही ॲडमिशन घ्यायच्या आधीच आधार, पीयूसी आणि बँक पासबुक शेजारी ठेवून स्पेलिंग जुळवून घ्या, एसएसएलसीला जसं आहे तसंच सगळीकडं करा.