ऑपरेशन नोट घेतली का?

वजन कमी करायच्या ऑपरेशननंतर काहीतरी बिघडलं, माणूस त्यातून सावरून घरी आला आणि आता फॉलोअपच्या फेऱ्या सुरू होणार, अशा घरासाठी हे लिहितोय. निघण्याआधी पहिली वस्तू ऑपरेशन नोट, म्हणजे सर्जनने आत नेमकं काय केलं ते लिहिलेला कागद. दुसरी वस्तूही तीच. डिस्चार्ज कार्ड नव्हे, ऑपरेशन नोट.

मी घेतली नव्हती. ताईचं गॅस्ट्रिक बायपास गोव्याबाहेर झालं. 14 महिन्यांत 38 किलो उतरली, सगळे खूश. चतुर्थीच्या तिसऱ्या दिवशी रात्री बेंबीच्या वर कळा सुरू झाल्या. यायच्या, थांबायच्या, परत यायच्या. खतखतं बाधलं असेल म्हणून आईने ओवा दिला. रात्री दोनला इथल्या एका इस्पितळात पोचलो तेव्हा माझ्या काखेत चार बोटं जाडीची फाईल होती. बिलं, विम्याची पत्रं, ऑपरेशनच्या आधीचा ईसीजी, लॅमिनेट केलेला डाएट चार्ट. ड्युटीवरच्या डॉक्टरने विचारलं, कसलं ऑपरेशन? वजनाचं, मी म्हटलं. "ते कळलं हो. स्लीव्ह की बायपास? बायपास असेल तर साधं की मिनी? आतल्या फटी शिवल्यात का?" ताई पाय पोटाशी घेऊन पडली होती, तिला काय विचारणार. डिस्चार्ज कार्डावर एकच ओळ होती: लॅप्रोस्कोपिक बॅरिएट्रिक सर्जरी केली, प्रकृती समाधानकारक. भाऊजींनी त्या हॉस्पिटलला फोन लावला. रेकॉर्डवाले सकाळी नऊला येतात म्हणे.

सीटीत ठळक काही दिसलं नाही. सलाईन, गॅसचं इंजेक्शन, घरी. दोन दिवसांनी दुसरीकडे पोटावर छिद्रं पाडून दुर्बीण घालून बघितलं तेव्हा आतडं आतल्या एका फटीतून घुसून पिळलेलं सापडलं. रंग बदलायला लागला होता, पण वाचलं. ते दोन दिवस कुणाच्या नावावर लिहायचे? निम्मे तरी माझ्याच.

आता त्या फटींचं. बायपासमध्ये पोटाची छोटी थैली करून लहान आतडं वर आणून जोडतात. ही नवी जोडणी करताना आतड्याच्या पडद्यात मोकळ्या जागा राहतात. वजन उतरतं तशी तिथली चरबीही वितळते आणि जागा मोठ्या होतात. म्हणून हे दुखणं ऑपरेशननंतर कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनी उगवतं, माणूस अगदी ठणठणीत दिसत असताना. सीटी साफ आला म्हणून आत काही अडकलेलं नाही असं ठरत नाही. शंका असेल तर अशी दुर्बीण पोटात घालूनच बघावं लागतं. आणि शंका यायला समोरच्याला आधी कळायला हवं की हे बायपास आहे. फटी शिवल्या होत्या की नाही, आतड्याचा कुठला भाग किती लांब ठेवलाय, थैली केवढी आहे, स्टेपलर कुठे मारलाय, हे सगळं ऑपरेशन नोटमध्ये असतं. डिस्चार्ज कार्डावर नसतं. कितीही चकचकीत छापलेलं असलं तरी नसतं.

ती मिळवायची कशी? लेखी अर्ज द्या, तारीख घाला, पोचपावतीवर शिक्का घ्या. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने कागद मागितले तर 72 तासांत द्यावे लागतात. मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. काउंटरवरच्या बाईने "पेशंटला स्वतः यावं लागेल" म्हटल्यावर मी मुकाट फोन ठेवला. ताईच्या सहीचं अधिकारपत्र आणि दोघांच्या ओळखपत्रांची झेरॉक्स, एवढ्याने काम झालं असतं, आणि पुढे झालंही. त्याच नियमांत भरती रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायला सांगितलंय. त्यानंतर ते जपतीलच असं धरू नका. ऑपरेशन होऊन दोन वर्षं उलटली असतील तर हे वाचून झाल्यावर नाही, आत्ता अर्ज लिहा.

आणि दुसऱ्या ऑपरेशनची नोट वेगळी. गुंतागुंत सोडवायला जे केलं त्याचीही नोट असते: काय सापडलं, किती आतडं काढलं की काढलंच नाही, फटी आता कशाने शिवल्या. सांगायला लाज वाटते, पण हीही मी विसरलो होतो. ताईला गाडीत बसवलं, उशी दिली, गाडी गेटपर्यंत आणली आणि भाऊजी म्हणाले, "ती नोट घेतली ना रे?" परत गेलो. पाऊण तास लागला. ताई गाडीत घामाघूम.

बाकीचे कागद: डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट तारखेच्या क्रमाने, चालू औषधांची चिठ्ठी. सीटीचा नुसता रिपोर्ट नको, सीडी घ्या, आणि ती उघडते का ते घरी बघून घ्या.

फॉलोअप नेमका कुणाकडे, हा मोठा प्रश्न. ज्याने पहिलं ऑपरेशन केलं तो मुंबईत, पुण्यात नाहीतर बेळगावात आणि आपण फोंड्यात. दर तीन महिन्यांनी रात्रीची कोकणकन्या धरणं कुणाला झेपणार? आम्ही वाटणी केली. मूळ सर्जनला वर्षातून एकदा दाखवायचं, मधले रिपोर्ट पाठवायचे. इथे एक सर्जन ठरवून घेतला, ज्याला आम्ही बरं असताना जाऊन भेटलो, नोट वाचायला दिली आणि सरळ विचारलं, रात्री कळ आली तर तुम्ही बघाल का, नाहीतर कुठे जाऊ? हे विचारायला संकोचू नका. "बघू" म्हणणारा डॉक्टर नको. कळ आल्यावर नवा सर्जन शोधत फिरण्यात काय होतं ते वर लिहिलंय. गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, किंवा कुठल्याही सरकारी इस्पितळात जाणार असाल तर आपल्या युनिटच्या ओपीडीचा वार आधी विचारून घ्या. फोंड्याहून बाणस्तारी, जुने गोवे करत बांबोळीला पाऊण तास धरा, सकाळी जास्तच. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर चालू आहे ना बघा. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि मोठ्या कुटुंबाला चार लाखांचं संरक्षण आहे, पण तुमचा नेमका उपचार त्यात बसतो का हे भरती होण्याआधी विचारा, बिल आल्यावर नव्हे.

आता उलट्या. हा भाग नीट वाचा. ऑपरेशननंतर कुणाला दोन-तीन आठवडे सारख्या उलट्या होत असतील, खाल्लेलं टिकत नसेल, तर शरीरातलं थायमिन, म्हणजे बी-1, संपतं. त्याचा साठा फार नसतो. अशा माणसाला थायमिन न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते: एकाचे दोन दिसणं, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ. म्हणून सलाईन लावताना "बायपास झालंय, इतके दिवस उलट्या आहेत, थायमिन आधी देणार ना?" हे वाक्य पाठ करा. शेजारच्या दवाखान्यात सलाईन लावून घेण्याची आपल्याकडे फार हौस. अशक्तपणा वाटला की सलाईन.

वेदनाशामक गोळ्यांचंही तसंच. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, असिक्लोफिनॅक, ही जात बायपासवाल्यांना वर्ज्य. जोडणीच्या जागी अल्सर होतो. गुडघा दुखला म्हणून फार्मसीतून उचललेल्या पाकिटात नेमकं हेच असतं. पॅरासिटामॉल चालतं. विडी-सिगारेटनेही तोच अल्सर होतो, पण ते भाऊजींनाच सांगून उपयोग होत नाही तिथे इतरांना काय सांगू. पित्ताशयात खडे झाले आणि एखादा नळीत उतरला तर तोंडातून घालायची नेहमीची दुर्बीण बायपासवाल्याच्या नळीपर्यंत सहज पोचत नाही, वेगळा बेत करावा लागतो. तो बेत कशावरून ठरतो? ऑपरेशन नोटवरून. नाकातून पोटात नळी घालायची वेळ आली तरी आत काय बदललंय ते घालणाऱ्याला आधी सांगा. अंदाजाने घातलेली नळी नव्या जोडणीला भोक पाडू शकते.

रक्ताच्या तपासण्या पहिल्या वर्षी तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि मग दरवर्षी, आयुष्यभर. हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-12, फोलेट, डी, कॅल्शियम, पीटीएच, अल्ब्युमिन. गुंतागुंत झालेल्यांना डॉक्टर जास्त वेळा करायला लावतील. गोळ्यांत कॅल्शियम सायट्रेट घ्या, कार्बोनेट नीट शोषलं जात नाही. लोह आणि कॅल्शियम एकत्र गिळू नका, दोन तासांचं अंतर ठेवा, आणि लोहावर लगेच चहा नको. ताई वर्षभर दोन्ही एकदमच घेत होती, चहाबरोबर. फेरिटिन वर येईना तेव्हा कळलं.

डॉक्टरकडे जाण्याआधी एक वही. कळ कधी आली, काय खाल्ल्यावर, किती वेळ टिकली, कुठे सरकली. "मधे मधे दुखतं" एवढं ऐकून कुणीही गॅसच म्हणेल. "गेल्या पंधरवड्यात पाच वेळा, जेवणानंतर अर्ध्या तासाने, डावीकडे, पाठीत जाते" म्हटलं की समोरचा पेन खाली ठेवतो. नेवऱ्यांसारखं गोड खाऊन घाम, धडधड, भोवळ आली तर ते बहुधा डम्पिंग, म्हणजे खाल्लेलं थैलीतून भसकन आतड्यात उतरणं, तेही लिहा. उर्राक प्यायलात तर तेही लिहा, लपवू नका. बायपासनंतर दारू लवकर आणि जास्त चढते.

थांबायचं कधी नाही ते: पोटातली कळ कमीच होत नाही, नाडी आराम करतानाही 120 च्या वर, ताप, खांद्यात दुखणं, पाणीसुद्धा पोटात राहत नाही, काळी शौच. यातलं काहीही दिसलं तर ओपीडीच्या वाराची वाट बघायची नाही, 108 बोलवा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर यंत्र घरात ठेवा, नाडी त्यात दिसते.

मूल हवं असेल तर बारा ते अठरा महिने थांबायला सांगतात. दिवस गेल्यावर पोटात कळ आली तर दुप्पट घाई. मन खचलं तर तेही डॉक्टरला सांगा, ताईने सांगितलं नव्हतं. प्रवासात दर तासाला पाय मोकळे करा. पाण्याची बाटली, घोट घोट. पिशवी, उलटीसाठी. बाकी तुम्हाला कळतं.

नोटेचे फोटो काढून ठेवलेत का? दोन्ही नोटांचे, सगळ्या पानांचे, वाचता येतील असे. कागद घरी राहतो आणि कळ बाहेर येते. आमच्याकडे ते ताईच्या फोनमध्ये आहेत, भाऊजींच्या आहेत, माझ्या आहेत. वहिनीच्या फोनमध्ये राहिलेत, आज रात्री टाकतो.