ॲलर्जी पण आहे आणि डोळे कोरडे पण? मग या चुका टाळा

डोळ्यांची ॲलर्जी आणि ड्राय आय एकाच माणसाला असणं फार कॉमन आहे, आणि गडबड इथेच होते, कारण एकावर घेतलेलं औषध दुसऱ्याची वाट लावतं. खाज येते म्हणून रोज सेटिरिझिन ही ॲलर्जीची गोळी घेतली, शिंका थांबल्या, पण असल्या गोळ्यांनी डोळ्यातलं पाणीही कमी होतं, मग चुरचुर वाढते, माणसाला वाटतं ॲलर्जीच वाढली आणि तो अजून गोळ्या घेत बसतो. क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या, झोप आणणाऱ्या गोळ्या तर यात जास्तच त्रास देतात. त्रास फक्त डोळ्यांचा असेल तर ऑलोपॅटाडिन किंवा केटोटिफेनचे ड्रॉप्स पुरतील का, हे डॉक्टरांना नक्की विचारा.

आत्ता नेमकं काय चाललंय हे ओळखायचं कसं? साधारणपणे खाज जास्त असेल तर ॲलर्जी, जळजळ आणि वाळू गेल्यासारखं टोचत असेल तर कोरडेपणा. पाणी येतंय यावरून काही ठरवू नका, कारण कोरडा डोळा टोचला की त्यातूनही घळाघळा पाणी येतं.

शेकण्यातही हाच घोळ. कोरड्या डोळ्यांना गरम शेक चांगला असं कुठेतरी वाचलेलं असतं, ते खरंय, पापण्यांमधल्या तेलाच्या ग्रंथी मोकळ्या होतात, पण ॲलर्जी भडकलेली असताना गरम शेकलं तर खाज आणि सूज वाढू शकते. तेव्हा थंड पट्टी ठेवा, गरम शेक खाज शांत झाल्यावर. आणि चोळू नका हो! चोळलं की हिस्टामिन, म्हणजे खाज आणणारं रसायन, अजून सुटतं, खाज दुप्पट, आणि वर्षानुवर्षं चोळत राहिलं तर कॉर्निया (डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा) पातळ होऊन पुढे येण्याचा, म्हणजे केराटोकोनसचा, धोका वाढतो.

ड्रॉप्सबद्दल सगळ्यात जास्त चुका होतात. लाली घालवणारे ड्रॉप्स रोज घातले की सोडल्यावर डोळे आधीपेक्षा लाल. आर्टिफिशियल टिअर्स, म्हणजे डोळे ओले ठेवणारे ड्रॉप्स, दिवसातून ४ पेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या, बेंझाल्कोनियम क्लोराईड हे प्रिझर्व्हेटिव्ह वारंवार गेलं की डोळ्याचा पृष्ठभाग अजून बिघडतो. दोन वेगळे ड्रॉप्स लागोपाठ घातले तर दुसरा पहिल्याला धुऊन टाकतो, मध्ये निदान ५ मिनिटं थांबा, जेल असेल तर ते सगळ्यात शेवटी.

नळाच्या पाण्याने सारखे डोळे धुणंही नको, डोळ्यातल्या धूळ-परागकणांसाठी आर्टिफिशियल टिअर्सच बरे, बाटलीवर मनाई नसेल तर फ्रीजमध्ये ठेवा, खाजेला छान वाटतं. त्रास चालू असेपर्यंत लेन्स बंद. पंखा, एसी थेट तोंडावर नको.

स्टेरॉइडचे ड्रॉप्स मात्र मागच्या चिठ्ठीवर परत आणून घालू नका. दोन दिवसात आराम पडतो खरा, पण आत प्रेशर वाढून काचबिंदू होऊ शकतो आणि तो कळतही नाही. डोळा खरंच दुखतोय, उजेड सहन होत नाही, धूसर दिसतंय किंवा एकाच डोळ्याला जास्त त्रास आहे, तर ड्रॉप्स बदलत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.