शेजारचं बंद घर, माजलेली झाडी आणि महापालिकेत तक्रार : मी केलेल्या या चुका टाळा

आमच्या शेजारी वीस बाय तीसच्या प्लॉटवर दोन खोल्यांचं घर आहे, 6 वर्षं झाली कुलूप लागून. म्हातारा-म्हातारी वारले, लेक-सून पुण्याला. मिरगाचे दोन पाऊस पडले की गाजरगवत आणि तरोटा कंपाउंडच्या वर डोकं काढतो, आणि वेडी बाभूळ तर आता खिडकीतून आत शिरलीय. तीन पावसाळे मी तक्रारी करतोय. त्यातले पहिले दोन नुसते वाया गेले, आणि खरं सांगायचं तर त्यात पालिकेइतकीच माझीपण चूक होती.

पहिली चूक अर्जातच. मी लिहिलं, "झाडी वाढली आहे, डास झाले आहेत, योग्य ती कारवाई व्हावी." स्वच्छता निरीक्षक आले, गेटवरूनच बघितलं, म्हणले, "खाजगी जागा हाय साहेब, गवताला आमी काय करावं?" आणि गेले. नंतर कळलं की डास गवतात लपतात पण अंडी पाण्यात घालतात, आणि डेंग्यूचा डास तर जास्त करून साचलेल्या स्वच्छ पाण्यात. आमच्या गच्चीवरून खाली बघितलं की सगळं दिसायचं, झाकण नसलेला सिमेंटचा हौद अर्धा भरलेला, दोन टायर, आणि एक फुटका कमोड, त्यात पाणी! अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. नंतरच्या अर्जात गवताचं नावच काढलं नाही, हौद-टायर-कमोड लिहिलं, तारखेसहित फोटो जोडले, आणि कंटेनर सर्वेला (साठलेल्या पाण्यात अळ्या आहेत का ते बघायला) पालिकेची पोरं आली तेव्हा त्यांना चहा पाजून गच्चीवर नेलं. एकानं भिंतीवरून वाकून टॉर्च मारली आणि म्हणला, "काका, अळ्या वळवळायलेत की." त्याच दिवशी नोंद झाली. आणि हो, धूर फवारणी मागत बसू नका, धुरानं उडणारे डास मरतात, हौदातल्या अळीला काही होत नाही.

दुसरी चूक म्हणजे सगळं एकाच अर्जात कोंबणं. साप, डास, पडायला आलेली भिंत, वायरीवर आलेली कडूलिंबाची फांदी असं सगळं मी एकाच पानावर लिहिलं होतं, तर तो कागद चार टेबलं फिरून माझ्याकडंच परत आला. घाण आणि कचरा असेल तर स्वच्छता विभाग, अळ्या मलेरिया विभाग, फांदी उद्यान विभाग, आणि भिंत धोकादायक असेल तर प्रभाग कार्यालयात वेगळा अर्ज. भिंतीच्या अर्जात कलम आवर्जून लिहा, महापालिकेच्या 1949 च्या कायद्यात कलम 264 आहे, पडायला आलेलं बांधकाम पाडा, आधार द्या नाहीतर दुरुस्त करा अशी लेखी नोटीस आयुक्त देऊ शकतात. नगरपालिका किंवा नगरपंचायत असेल तर 1965 चा कायदा लागतो, तिथं 264 लिहिलं तर बाबू नुसता हसतो. पालिका हलतच नसेल आणि धोका रस्त्यानं जाणाऱ्यांना असेल, म्हणजे रस्त्याकडंची भिंत किंवा रस्त्यालगतचा उघडा आड, तर उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली जाता येतं (जुनं 133, जुलै 2024 पासून बदललं).

आता सगळ्यात महत्त्वाचं, मालक. आमच्याकडं नोटीस निघाली ती वारलेल्या म्हाताऱ्याच्या नावानं, पोस्टमन परत घेऊन गेला, फाईल बंद! सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक काढा म्हणून लोक सल्ला देतात, पण आपल्याकडं गुंठेवारीत (शेतजमीन गुंठ्या-गुंठ्यानं विकून झालेल्या वस्तीत) निम्मे प्लॉट बॉण्डपेपरवर घेतलेले, तिथं पत्रकावर अजून मूळ शेतकऱ्याचंच नाव निघतं. कामाला येतो तो घरपट्टीचा मालमत्ता क्रमांक. मला तो गेटखाली सरकवलेल्या जुन्या बिलावर सापडला. तो नंबर आणि सुनेचा पुण्याचा पत्ता (किराणावाल्याकडं होता, दुसरीकडं कुठंच नाही) अर्जात टाकला तेव्हा नोटीस पोचली.

तोंडी सांगणं, नगरसेवकाला व्हॉट्सॲप करणं, ह्याचा काही उपयोग नाही असं नाही, पण शिक्का मारलेली पोच हातात नसेल तर पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरू. महिनाभर काहीच हललं नाही तर माहिती अधिकार टाका, उत्तराला 30 दिवस असतात. "कारवाई का केली नाही" असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. स्थळ पाहणीची तारीख, नोटिशीची प्रत आणि जावक क्रमांक, एवढंच मागा.

आणि स्वतः हात घालू नका. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर गल्लीतल्या पोरांनी वाळलेलं गवत पेटवून दिलं, मी पण उभा होतो, नाही म्हणलो नाही. जाळ लिंबाला लागला, केबल जळाली, अख्ख्या गल्लीचं इंटरनेट चार दिवस बंद. उघड्यावर कचरा जाळला तर हरित लवादाच्या 2016 च्या आदेशानं 5000 रुपये दंड आहे. झाडाचं तर अजून अवघड, 1975 च्या शहरी वृक्ष कायद्यात जाळणं आणि इजा करणं हे सुद्धा तोडण्यातच धरलंय, मग झाड खाजगी जागेतलं का असेना.

हे सगळं मी लै शहाण्यासारखं सांगतोय, पण मागच्या वर्षी आमच्याच गावाकडच्या माळवदाच्या (मातीच्या धाब्याच्या घराच्या) दारावर नोटीस डकवली, चुलतभावानं फोटो पाठवला तेव्हा कळलं. भावकीत वाद कोर्टात आहे, आपण हात कसा लावायचा म्हणून गप्प बसलो होतो. वकील म्हणले, वाटणीचा वाद वेगळा आणि साफसफाई वेगळी, कोर्टाचा तसा मनाई हुकूम नसेल तर गवत काढायला कोण अडवतंय? मुदतीत लेखी उत्तर आणि साफ केल्याचे फोटो द्यायचे, बस. गप्प बसलं तर पालिका करून घेते आणि खर्च मालकाच्या माथी, तो भरला नाही तर घरपट्टीच्या थकबाकीसारखा वसूल होतो. जेसीबी मात्र बोलवू नका. आमच्या चुलत्यानं बोलवला, त्यानं गवताबरोबर मातीच्या भिंतीचा पायाच खरवडला.

गाजरगवत फुलायच्या आत, पाऊस पडून जमीन ओली असताना मुळासकट उपटायचं, हातमोजे घालून, नाहीतर अंगाला खाज सुटते. फुलल्यावर कापलं तर बी तिथंच सांडतं.

यंदा नोटीस पोचल्यावर सुनेचा फोन आला, "काका, तुम्हीच माणसं लावा ना, मी पैसे पाठवते." दोन गड्यांनी दीड दिवसात सगळं काढलं, हौदाला बुडाशी भोक पाडलं, टायर भंगारवाल्याला दिले. वेडी बाभळीचं खोड मात्र जमिनीच्या खालून खणून काढायचं राहिलं, गडी म्हणला उद्या येतो. तो उद्या अजून आला नाही, आणि खोडाला वीतभर फुटवे आलेत.